ताऱ्यांच्या स्पंदनांवरून लागला लिथियमच्या उगमाचा माग

बेळ्ळंदूर (बेंगळूरु) : ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली काय घडते, हे कोणत्याही दुर्बिणीतून थेट दिसत नाही. मात्र अनेक तारे सतत स्पंदन पावत असतात. त्यामुळे त्यांच्या तेजात होणारे सूक्ष्म चढउतार मोजून अंतर्भागाची स्थिती जाणता येते. या अभ्यासशाखेला तारकीय कंपशास्त्र म्हणतात. बेळ्ळंदूरजवळच्या कोरमंगला येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या शास्त्राच्या साहाय्याने लिथियमविषयीच्या जुन्या कोड्याची महत्त्वाची उकल केली आहे.

लिथियम हे नाजूक मूलद्रव्य असून सुमारे २५ लाख अंश तापमानात ते नष्ट होते. तारा वृद्ध होऊन फुगतो, तेव्हा त्याच्या बाह्य थरांतील वायू खोलवर ढवळला जातो आणि पृष्ठभागावरील लिथियम घटत जाते. तरीही १९८२ मध्ये लिथियमने समृद्ध असा एक लाल राक्षसी तारा आढळला. पुढे असे आणखी तारे सापडले. परंतु हे लिथियम कोणत्या टप्प्यात निर्माण होते, यावर एकमत नव्हते.

अडचण अशी की, गाभ्याभोवतीच्या कवचात केवळ हायड्रोजन जाळणारा तारा आणि गाभ्यात हेलियम जाळणारा तारा बाहेरून जवळजवळ सारखेच दिसू शकतात. मडके पक्के भाजले आहे की नाही, हे जसे टिचकी मारून ओळखतात, तसा येथे स्पंदनांचा उपयोग होतो. बाह्य थरांतील ध्वनिलहरी गाभ्यातील लहरींशी मिसळतात आणि गाभ्याची खूण पृष्ठभागापर्यंत पोहोचवतात. अशा लागोपाठच्या स्पंदनांच्या आवर्तकालांतील फरक पहिल्या प्रकारच्या ताऱ्यांत साधारण ५० सेकंद, तर दुसऱ्या प्रकारात १०० ते ३०० सेकंद असतो.

संस्थेतील बी. ईश्वर रेड्डी व सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अंतिया यांच्यासह सुमारे १२,५०० राक्षसी ताऱ्यांची छाननी केली. त्यासाठी चीनच्या लॅमोस्ट दुर्बिणीने टिपलेले वर्णपट आणि अमेरिकेच्या केप्लर अवकाश दुर्बिणीची तेजमापने वापरण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिशय लिथियमसमृद्ध असे २४ नवे तारे आढळले आणि ते सर्व गाभ्यात हेलियम जाळणारे निघाले. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या गाभ्यात हेलियम अकस्मात पेट घेते. त्या घटनेशी लिथियमनिर्मितीचा संबंध असल्याचा हा भक्कम पुरावा ठरला.

२०२० मध्ये संस्थेच्या सहभागातून झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने या निष्कर्षाची व्याप्ती वाढवली. कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांमध्ये या टप्प्यावर लिथियमचे प्रमाण सरासरी ४० पटींनी वाढते, असे त्यात दिसून आले. म्हणजेच ही प्रक्रिया मोजक्या ताऱ्यांपुरती अपवादात्मक नसून सार्वत्रिक आहे. काही अब्ज वर्षांनी आपला सूर्यही याच अवस्थेतून जाईल. गाभ्याजवळचे द्रव्य पृष्ठभागापर्यंत नेमके कसे पोहोचते, हा प्रश्न मात्र अद्याप खुला आहे.