बॉनेट काढा, चाकं काढा, फक्त तुळया ठेवा

मोटार भिंतीवर आदळली की सगळा प्रकार शे-दीडशे मिलिसेकंदांत आटोपतो. बाहेरून दिसतो तो चेपलेला पत्रा. पण खरं काम करतात त्या इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेल्या पोलादी पोकळ तुळया. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घालत त्या धडकेची ऊर्जा गिळतात. त्या पाहायच्या तर वरचं सगळं बाजूला करावं लागतं, आणि संगणकातल्या मोटारीत ते एका ओळीत होतं. गेली कित्येक वर्षं मला याचंच वेड आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्यात मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. अपघात झाला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, ‘एअरबॅग उघडली का?’ मला मात्र विचारावंसं वाटतं, तुळया कशा दुमडल्या?

अशी धडक संगणकात सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा थोडा इतिहास उरकून घेऊ. जॉन स्वॉन्सन यांनी १९७० साली पिट्सबर्गजवळ ॲन्सिसचा धंदा सुरू केला. जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत डायना-थ्रीडी लिहिलं, त्यातून एलएस-डायना आलं. झालं.

आता मुद्द्याचं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या धडक-संशोधन केंद्राने १९९६ च्या डॉज निऑन मोटारीचं मॉडेल तयार करून सर्वांना खुलं केलं. पार्ट ३३६, एलिमेंट, म्हणजे गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे, सुमारे २ लाख ७० हजार. एलएस-डायनाचे निकाल दाखवणाऱ्या एलएस-प्रीपोस्टमध्ये ते उघडलं की पडद्यावर अख्खी मोटार उभी राहते आणि आतलं काहीच दिसत नाही. माऊसने एकेक पार्ट टिपून घालवता येतो, पण चाकामागचा पार्ट टिपताना हमखास भलताच धरला जातो. त्यापेक्षा कमांड टाइप करावी: उणे चिन्ह, एम हे अक्षर, पुढे पार्टचा नंबर. तेवढा पार्ट ऑफ. अधिक चिन्ह दिलं की परत ऑन. बॉनेट गेलं, फेंडर गेले, रेडिएटर गेला, चाकं गेली, शेवटी इंजिन. आणि एकदम त्या दोन तुळया नजरेस पडतात. मग ॲनिमेशन एकेक फ्रेम पुढे न्यायचं. पहिली घडी टोकाशी पडते, तिच्यामागे दुसरी. घडी न पडता तुळई मधूनच वाकली, तर ती ऊर्जा कमी खाते आणि उरलेला मार केबिनवर जातो. हे पाहताना मी जेवण विसरलेलो आहे.

यातली मला सर्वांत आवडणारी गंमत निराळीच. तुम्ही माऊस फिरवला तरी हे सॉफ्टवेअर आतल्या आत प्रत्येक क्रिया कमांड म्हणून ‘एलएसपोस्ट डॉट सीफाइल’ या फाइलीत लिहून ठेवतं. ती फाइल नीट करून जपली, की उद्या नव्या डिझाइनवर तेच पार्ट, त्याच कोनातून, पुन्हा दिसतात. दोन निकालांची तुलना यालाच म्हणतात. बाकी नुसती चित्रं.

ॲन्सिसच्या जुन्या कमांड-पद्धतीत मात्र जपून. तिथे ‘ईसेल’ या एलिमेंट निवडायच्या कमांडला एस दिला तर नव्याने निवड होते, आर दिला तर निवडलेल्यांतून पुन्हा गाळणी, ए दिला तर भर, यू दिला तर वजाबाकी. पण ही निवड डोळ्यांपुरती नसते. निवडीबाहेर राहिलेले एलिमेंट सोडवणुकीतच धरले जात नाहीत! हिंजवडीच्या एका कंपनीत आमच्या रिसोडकडचा एक पोरगा भेटला. त्यांच्याकडे एका ब्रॅकेटचा वाक विचित्र वाढून आला. दोन दिवस सगळे मटेरियलला दोष देत होते. कारण निघालं बरगड्यांचं: चित्र नीट दिसावं म्हणून कुणी तरी त्या निवडीतून काढल्या आणि शेवटी सगळं पुन्हा निवडणारं ‘ऑलसेल’ द्यायचं राहिलं. प्रीपोस्टमध्ये पार्ट ऑफ केल्याने निकाल बदलत नाही. इथे गणितच बदलतं. हा फरक पहिल्याच तासाला शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे मात्र पहिले तास मेनू पाठ करण्यात जातात.

खऱ्या मोटारी आदळून त्यांची सुरक्षितता तपासणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यातली समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला, मोटारीच्या ४० टक्के रुंदीवर होते, म्हणजे बराचसा भार एकाच बाजूच्या तुळईवर येतो. अशी चाचणी होण्याआधी संगणकात कितीतरी मोटारी चेपून झालेल्या असतात, आणि ते काम करणारी बरीच मुलं विदर्भ-मराठवाड्यातली आहेत.

एलएस-प्रीपोस्ट मोफत मिळतं, परवान्याची कटकट नाही. वाशीमच्या डिप्लोमाच्या मुलांनो, निऑन उतरवून घ्या, माऊस बाजूला ठेवा आणि पार्ट ऑफ करत सुटा.