‘राइट ऑफ’ म्हणजे माफ नव्हे

बँकांनी अमुक इतक्या कोटींची कर्जे माफ केली, असा मथळा वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकतो. मग पेढीपेढीवर एकच सूर उमटतो : मोठ्यांना माफी आणि लहान व्यापाऱ्याचा एक हप्ता चुकला तर नोटीस! हा रोष समजण्यासारखा आहे. परंतु पुष्कळदा त्याच्या मुळाशी एक चुकीचे भाषांतर असते. मूळ बातमीत शब्द असतो ‘राइट ऑफ’. त्याचा अर्थ ‘माफ करणे’ असा नाही. या दोन शब्दांच्या अर्थाशी व्यापारी कुटुंबाचा वर्षातून एकदा तरी संबंध येतो, म्हणून त्यांची नीट ओळख करून घेणे हिताचे आहे.

इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडले की अर्थ पार बदलतो. ‘राइट’ म्हणजे लिहिणे. ‘राइट डाउन’ म्हणजे टिपून ठेवणे, आणि हिशेबाच्या भाषेत मालमत्तेची पुस्तकी किंमत कमी करणे. घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीला ‘रिटन डाउन व्हॅल्यू’ म्हणतात, ते यावरूनच. ‘राइट आउट’ म्हणजे पूर्ण लिहून काढणे. धनादेश लिहिण्यालाही हाच प्रयोग चालतो. मराठीला ही रीत परकी नाही. ‘लिहून ठेवणे’, ‘लिहून काढणे’, ‘लिहून टाकणे’ यांचे अर्थ वेगवेगळे आहेत, आणि खरेदीखतातील ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ हे तर व्यवहाराच्या दोन विरुद्ध बाजूंना उभे असतात. फरक फक्त जोडशब्दाचा!

‘राइट ऑफ’चा मुख्य अर्थ हिशेबातला आहे. जे येणे वसूल होण्याची आशा उरलेली नाही, ते मालमत्तेच्या बाजूला दाखवीत राहणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. म्हणून ती रक्कम पुस्तकातून काढून तोट्यात घालायची. मराठीत यासाठी ‘निर्लेखन’ हा नेमका शब्द सहकारी बँकांच्या अहवालांत आढळतो. गुजराती व्यापारी ‘मांडी वाळवुं’ म्हणतो, हिंदी मुलखातील व्यापारी रक्कम ‘बट्टे खाते’ घालतो आणि मराठी व्यापारी ‘बुडीत खाती’ टाकतो. शब्द निराळे असले तरी नोंद एकच : बुडीत कर्ज खाते नावे, गिऱ्हाइकाचे खाते जमा.

समजा, एका कापड व्यापाऱ्याचे एका दुकानदाराकडे २,००,००० रुपये अडकले आहेत. दुकान बंद पडले आणि वसुलीचे मार्ग खुंटले. व्यापाऱ्याने वर्षअखेरीस ही रक्कम निर्लेखित केली. पुढे दोन वर्षांनी त्या दुकानदाराने ५०,००० रुपये आणून दिले, तर ते घेण्याचा व्यापाऱ्याला पूर्ण हक्क आहे. ही रक्कम ‘बुडीत कर्ज वसुली’ म्हणून जमा होते. येणे पुस्तकातून गेले होते. दुकानदाराच्या अंगावरून उतरले नव्हते.

करआकारणीत या शब्दाला विशेष वजन आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३६ मध्ये बुडीत येण्याची वजावट ठेवण्यात आली. १ एप्रिल १९८९ पासून झालेल्या बदलानंतर येणे खरोखरच बुडाले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ते पुस्तकात निर्लेखित करणे पुरेसे ठरले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हाच अर्थ कायम केला. मात्र केवळ ‘संशयित येण्यासाठी तरतूद’ केल्याने सामान्य व्यापाऱ्याला वजावट मिळत नाही. तसेच ती रक्कम पूर्वी उत्पन्नात धरलेली असावी लागते. मालाच्या उधारीला हे लागू पडते. नातेवाइकाला दिलेले हातउसने बुडाले तर सावकारीचा व्यवसाय नसणाऱ्याला ही सवलत नाही. वजावट घेतल्यानंतर वसूल झालेली रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. आणि विक्रीच्या वेळी सरकारजमा केलेला जीएसटी उधारी बुडाली म्हणून परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता बँकांकडे वळू. थकीत कर्जासाठी नफ्यातून पूर्ण तरतूद झाली की बँक ते ताळेबंदातून काढते. याला ‘टेक्निकल राइट ऑफ’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने त्याचा अर्थ स्पष्ट केला आहे : हिशेबापुरते निर्लेखन, कर्जदाराच्या खात्यावर बाकी कायम आणि बँकेचा कोणताही हक्क सोडलेला नाही. वसुलीचे दावे, तारण मालमत्तेचा लिलाव हे सारे पूर्ववत चालू राहते. जामीनदारही सुटत नाही. भाच्याच्या वा व्याह्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या गृहस्थाने ‘खाते राइट ऑफ झाले’ असे ऐकून निश्चिंत बसणे महागात पडू शकते.

माफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे निराळेच क्रियापद आहे. २००८ सालची केंद्र सरकारची शेतकरी कर्जमाफी ही खरी माफी. तिथे पात्र शेतकऱ्याचे देणे संपले आणि बँकेची भरपाई सरकारने केली. निर्लेखनात कर्जदाराचे देणे संपतही नाही आणि बँकेला कोणी भरपाईही देत नाही.

हा भेद पत्रव्यवहारातही पाळला पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार धनको आपले येणे स्वेच्छेने सोडू शकतो. त्यासाठी मोबदल्याची अट नाही. तेव्हा ‘तुमचे खाते आम्ही राइट ऑफ केले आहे’ असे ऋणकोला लिहून कळविणे म्हणजे वादाला निमंत्रण. ते पत्र माफीचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. निर्लेखन ही घरातली नोंद आहे, ती घरातच असावी. तिने दाव्याची मुदतही थांबत नाही. मालाच्या उधारीसाठी ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी लेखी कबुली घेतली तर पुन्हा नव्याने मोजली जाते.

याखेरीज या शब्दाचे आणखी उपयोग आहेत. अपघातग्रस्त मोटार दुरुस्त करणे परवडण्यासारखे नसेल तर ती ‘राइट ऑफ’ झाली म्हणतात. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की वाहन पूर्ण नुकसानीत धरण्याची रीत आहे. माहितीपत्रक वा नमुना मागविण्यासाठी पत्र पाठविणे यालाही इंग्रजीत ‘राइट ऑफ’ म्हणतात. तेथे तोट्याचा लवलेशही नाही.

सर्वांत जड अर्थ मात्र माणसासंबंधीचा आहे. एखाद्याकडून आता काहीच होणार नाही असे ठरवून त्याला मनातून काढून टाकणे, यालाही ‘राइट ऑफ’ म्हणतात. धंद्यात एकदा खोट खाल्लेला मुलगा, परीक्षेत मागे पडलेली मुलगी, भागीदारी मोडून गेलेला भाऊ यांच्याविषयी असा निकाल घरात फार लवकर दिला जातो. आगमातील अर्जुनमाळीची कथा पर्युषणात अनेक स्थानकांत वाचली जाते. रोज सात जीवांची हत्या करणाऱ्या अर्जुनाला राजगृहाने पार टाकून दिले होते. त्याच्यासमोर निर्भयपणे उभा राहिला तो सुदर्शन श्रेष्ठी, आणि त्यानेच त्याला भगवान महावीरांपाशी नेले. अर्जुनाने दीक्षा घेतली, लोकांचे प्रहार व अपशब्द समभावाने सोसले आणि अखेर तो मुक्त झाला.

येण्यांची यादी तपासताना कठोर असावे. जे बुडाले ते वेळेवर बुडीत म्हणावे, म्हणजे नफा खरा दिसतो. संवत्सरीला खमतखामणा करताना मात्र जुन्या रागाने मनातून काढून टाकलेल्या माणसांचीही आठवण करावी. बुडीत खात्यातली रक्कम कधी काळी परत येऊ शकते, असे हिशेबशास्त्रही मानते आणि तिच्यासाठी स्वतंत्र खाते ठेवते. माणसासाठी तेवढी जागा घरात असायलाच हवी.