एका धावेनं

शिरूरच्या माणसाला पुण्यात कुणी पुणेकर म्हणत नाही. 'नगरकडचे ना तुम्ही?' हा प्रश्न ठरलेला. आता घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, त्याला आम्ही काय करणार! पण २१ मे २०१७च्या रविवारी रात्री आम्ही एकजात पुणेकर झालो होतो. आयपीएलची अंतिम फेरी, हैदराबादचं मैदान आणि समोर मुंबई.

त्यातून घरात मुंबईचा भाचा सुटीला आलेला. 'मामा, आज तुमचं काही खरं नाही,' हे तो दुपारपासून ऐकवत होता. माझ्या नऊ वर्षांच्या चिरंजिवांचं त्यावर एकच उत्तर : या मोसमात पुण्यानं मुंबईला तीनदा हरवलंय. ते खरंच होतं. मुंबई ७ बाद ७९ झाली तेव्हा भाचा गप्पच झाला. कृणाल पंड्यानं ४७ धावा काढून कसंबसं १२९ पर्यंत नेलं. वीस षटकांत १३० म्हणजे काय अवघड? आम्ही निवांत जेवायला बसलो, आमरस दुसऱ्यांदा वाढून घेतला.

रहाणे ४४ काढून गेला, धोनीही गेला. पण स्मिथ होता. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीनं चौकार मारला. पाच चेंडूंत सात! आणि मिचेल जॉन्सनच्या पुढच्या दोन चेंडूंवर आधी तिवारी, मग स्मिथ झेल देऊन परतले. अखेर एका चेंडूत चार उरल्या. १९८६ साली शारजात मियाँदादलाही तेवढ्याच हव्या होत्या, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. सौभाग्यवतींनी टीव्हीकडे पाठ करून रांजणगावच्या महागणपतीला हात जोडले. ख्रिश्चननं चेंडू टोलवला, दोन धावा झाल्या. तिसरी झाली असती तरी बरोबरी होती. तिसरीला धावचीत. १२८.

भाचा नाचला. चिरंजीव भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, 'पुढच्या वर्षी बघू.'

ही शुद्ध थाप होती. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, म्हणून हा संघ दोनच वर्षांपुरता आलेला. ती दोन वर्षं त्याच रात्री संपली होती. मला ते ठाऊक होतं, मुलाला नव्हतं.

जानेवारी २०१८मध्ये खेळाडूंचा लिलाव झाला. धोनी आधीच चेन्नईकडे परतला होता. रहाणे, उनाडकट, आपला राहुल त्रिपाठी राजस्थानात गेले. चिरंजीव जमिनीवर पेपर पसरून याद्या वाचत होते.

'बाबा, यांनी पुण्याची यादी छापलीच नाही.'

मग सांगावंच लागलं.

'तुम्हाला त्या रात्री माहीत होतं?'

मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं बंद.

मेमध्ये भाचा पुन्हा आला. अंगणात स्टंप रोवले गेले. 'मी मुंबई. तू कोण?' त्यानं विचारलं.

'पुणे.'

'ती टीम नाहीये आता.'

'आहे. एक बॉल, चार रन. टाक.'