चष्मा उतरल्यानंतरचे दिवस

विवाहेच्छुक मुलामुलींच्या परिचयपत्रात शिक्षण, उंची, नोकरी यांच्या ओळीतच ‘चष्मा आहे का?’ असा एक रकाना असतो. माझ्या भाचीच्या परिचयपत्रात त्या रकान्यापुढे ‘होय’ असे लिहिलेले होते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाच. तिला स्वतःला त्याचे काही वाटत नसे. इयत्ता पाचवीपासून नाकावर बसलेला चष्मा तिच्या चेहऱ्याचाच भाग झाला होता. पण घरातील वडीलधाऱ्यांना तो एक शब्द फार खुपे. अखेर गेल्या खेपेच्या दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू होण्याआधी, पुण्यातील एका नेत्ररुग्णालयात तिची लेसर शस्त्रक्रिया झाली.

दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासाचेसुद्धा काम नव्हते. त्या दुपारी कांदा चिरताना व्हावी तशी आग आणि पाण्याची धार; संध्याकाळपर्यंत झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, पाटीवरचा दूरध्वनी क्रमांकही वाचला आणि सांगलीला फोन करून तो आम्हाला म्हणून दाखवला. वहिनींनी पेढे वाटले. मी स्वतः दोन घेतले.

पुढचे दहा महिने कसे गेले, हे मात्र पेढे घेतलेल्यांपैकी फारसे कोणाला ठाऊक नाही. ते कळावे, एवढ्यासाठी हा लेख. ही शस्त्रक्रिया वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. जगभर कोट्यवधी लोकांनी ती करून घेतली आहे आणि त्यांतील बहुसंख्य समाधानी आहेत. पण ‘दहा मिनिटांचे काम’ या शब्दांत आपण तिचे जे वर्णन करतो, ते फक्त शस्त्रक्रियागृहाच्या आतल्या वेळेचे वर्णन आहे.

प्रथम, नेमके घडते काय ते पाहू. बुब्बुळावरील पारदर्शक घुमटाला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सरासरी ५४० मायक्रॉन. लॅसिक पद्धतीत त्याचा वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा एका कडेला जोडलेला ठेवून पुस्तकाच्या पानासारखा उलगडतात. खालच्या थरातील ऊती एक्सायमर लेसरने घासून घुमटाचा आकार बदलतात आणि पान परत मिटतात. टाके नाहीत. एका नंबराला साधारण पंधरा मायक्रॉन असा हिशेब धरला, तर उणे पाचसाठी पाऊणशे मायक्रॉन कायमचे जातात. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन, आणि शक्यतो ३००, शिल्लक राहिले पाहिजेत असा दंडक आहे. पारपटल मुळातच पातळ असेल किंवा त्याच्या आकारात दोष दडलेला असेल, तर पुढे ते आतल्या दाबाने फुगू लागते आणि नजर विद्रूप होत जाते. हा विकार क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा पारपटलाचा नकाशा हा सर्वांत महत्त्वाचा कागद. तपासणीअंती ‘तुमचे डोळे या शस्त्रक्रियेस योग्य नाहीत’ असे सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याचे आभार मानावेत.

या लेसरचा जन्म नेत्ररुग्णालयात झालेला नाही. मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी या लेसरचा पहिला प्रयोग सजीवांच्या ऊतीवर केला, तो आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेल्या पक्ष्याच्या हाडा-कूर्चेवर. आपल्या वाचकांना हा तपशील रुचणार नाही. पण इतिहास आहे तो असा. आजूबाजूचा भाग न जळता अत्यंत स्वच्छ छेद पडला. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी पारपटलावरील उपयोग दाखवून दिला. त्या दशकाच्या शेवटी ग्रीसमधील डॉ. पालिकारिस यांनी पापुद्रा आणि लेसर यांची सांगड घातली.

आता भाचीकडे वळते. तिसऱ्या आठवड्यात तिला संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागले. पहाटे पापण्या डोळ्यांना चिकटलेल्या असत. त्या ओढून उघडताना कळ येई. रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती एक कडे दिसे, आणि पावसाळी काचेतून पाहावे तसे किरण फुटत. ती तपासणीला गेली. तक्त्यावरची शेवटची ओळ तिने वाचून दाखवली. ‘सहा बाय सहा, उत्तम आहे,’ असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. दुसऱ्या खेपेसही तेच झाले. तिसऱ्या खेपेस ती गेलीच नाही.

फेब्रुवारीत मी पुण्याला गेले, तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास ती खोलीत दिवा न लावता बसलेली होती. मी दिव्याला हात घालताच म्हणाली, “आत्या, राहू दे ना अंधार जरा.” मग बऱ्याच वेळाने, “शेवटची ओळ मला वाचता येते गं. मग त्यांना सांगू तरी काय? आणि आईला सांगितले, तर ती स्वतःलाच दोष देत बसेल.”

हे तिच्या एकटीचे नव्हते, हे मला नंतर वाचनातून कळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे एप्रिल २००८ मध्ये अशाच रुग्णांनी आपली कैफियत मांडली. त्यानंतर त्या खात्याने नौदलातील जवान आणि सामान्य नागरिक अशा दोन गटांत शस्त्रक्रियेआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टीबद्दल ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी होते. ज्यांना आधी दिव्यांभोवती कडी, तिरीप, दुहेरी प्रतिमा असा कोणताच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी निदान एक तरी नव्याने जाणवत होता. ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते, त्यांच्यापैकी तीस टक्क्यांच्या आसपास लोकांत कोरडेपणाची लक्षणे दिसत होती. रोजची कामे करणेच कठीण व्हावे इतका दृष्टीचा त्रास मात्र एक टक्क्याहूनही कमी लोकांना होता. उलट आधीपासून असलेला त्रास शस्त्रक्रियेने गेला असेही अनेक जण होते.

मला सर्वांत बोलकी वाटली ती निराळीच गोष्ट. आपला त्रास डॉक्टरांना तोंडाने सांगणाऱ्यांपेक्षा तो प्रश्नावलीत लिहिणारे दुपटीहून अधिक निघाले. स्वतःच्या हौसेने, पदरचे पैसे घालून करून घेतलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करताना माणसाची जीभ अडखळते. आपल्याकडे तर पेढेही वाटून झालेले असतात.

कोरडेपणा येतो कोठून? पारपटलात बारीक मज्जातंतूंचे दाट जाळे असते. डोळा सुकू लागला की तेच मेंदूला खबर देतात. मग अश्रू पाझरतात आणि पापणी मिटते. पापुद्रा कापताना यांतील पुष्कळ तंतू तुटतात. खबर पोचत नाही, माणूस पापण्या कमी मिटतो, अश्रू कमी येतात. तंतू पुन्हा वाढून संवेदना बऱ्याच अंशी परतण्यास सहा महिने ते वर्षभर लागते. त्यात दिवसभर संगणक, वातानुकूलित कचेरी आणि दुचाकीवरील वारा यांची भर पडली की संध्याकाळी नजर धूसर होते आणि डोळे चार वेळा मिटले की क्षणभर स्वच्छ होते. सकाळच्या तपासणीत ती ‘सहा बाय सहा’ भरते, ती याचमुळे. छोट्या छेदातून ऊतीची चकती काढणाऱ्या स्माइल पद्धतीत पापुद्रा नसल्याने तंतू कमी तुटतात, असे दिसते. पीआरके या जुन्या पद्धतीतही पापुद्रा नसतो. पण पृष्ठभागावरील पेशींचा थर काढलेला असल्याने पहिले दोन-तीन दिवस वेदना फार, संरक्षक भिंग काही दिवस डोळ्यावर ठेवावे लागते आणि नजर स्थिरावण्यास आठवडे लागतात. पीआरके झालेल्यांनी पुढील काही महिने कडक उन्हात गडद चष्मा टाळू नये, कारण पारपटलावर धुकट डाग पडण्याचा संभव असतो. क्वचित कोणाला डोळ्यांत काहीही न दिसता तीव्र वेदना दीर्घकाळ राहतात. त्या तुटलेल्या तंतूंच्याच असतात, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांची बोळवण करणे क्रूरपणाचे आहे.

आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे अडकवून ती कितपत भिजते ते पाहिले. मग रंग घालून, अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजले. पट्टी फारच थोडी भिजली. त्यांनी विचारले, “मुरुमांसाठी कधी गोळ्या घेतल्या होत्यास?” घेतल्या होत्या, शस्त्रक्रियेच्या आधीच्याच वर्षी. त्या औषधाने डोळ्यांतील तैलग्रंथी सुकू शकतात, हे आधी कोणी विचारले नव्हते आणि हिनेही सांगितले नव्हते. अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रांत तांदळाच्या कणीहून लहान बुचे बसवली, परिरक्षकविरहित अश्रुथेंब दिले आणि पापण्यांवर रोज दहा मिनिटे ऊबदार कपड्याचा शेक सांगितला. संगणकापुढे दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावयाची. गुलाबपाणी, मध, तूप यांपैकी काही डोळ्यांत घालीत असल्यास आजच थांबवा, असेही त्या म्हणाल्या, आणि वहिनींनी माझ्याकडे पाहण्याचे टाळले.

आणखी काही गोष्टी आमच्या अनुभवातून आणि त्या बाईंच्या बोलण्यातून. लग्न महिन्यावर आले असताना ही शस्त्रक्रिया करू नये. हळद, होमाचा धूर, काजळ, छायाचित्रकाराचे झगझगीत दिवे आणि जागरण हे सारे ओल्या जखमेवरच आदळते. होळीच्या तोंडावर तर मुळीच नको. पहिला आठवडा डोक्यावरून पाणी घेताना ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, पोहणे काही आठवडे बंद, आणि डोळे चोळण्याची सवय कायमचीच सोडावी. पापुद्रा कडेने पूर्वीच्या मजबुतीने कधीच जुळत नाही. जबर मार लागल्यास वर्षांनंतरही तो सरकू शकतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पहिल्या दिवशी दिसणारे लाल डाग भयंकर दिसतात, पण दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. घाबरावे ते निराळ्या गोष्टींना: पहिल्या काही दिवसांत कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, लाली, प्रकाशाचा त्रास किंवा नजर एकाएकी खाली जाणे. ती जंतुसंसर्गाची किंवा पापुद्र्याखालील दाहाची चिन्हे असू शकतात. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या दिवशी थांबवावेत. बरे वाटते म्हणून ते चालू ठेवल्यास काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो.

चष्मा गेला तरी डोळा उणे पाचचाच राहतो, हे फार थोड्यांना सांगितले जाते. लांबट नेत्रगोल आणि ताणलेले दृष्टिपटल तसेच असते. म्हणून काळे ठिपके एकाएकी वाढले, विजेसारखे चमकले किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर शस्त्रक्रिया झालेल्यानेही तत्काळ दाखवावे. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुतेकांना लागतोच. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीत ही माहिती द्यावी. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत बसवावयाच्या भिंगाचा हिशेबही चुकू शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि पारपटलाच्या वक्रतेचे कागद हाती असलेले बरे. तीस वर्षांनी ते रुग्णालय आणि त्याचे संगणक कोठे असतील?

आमच्या घरात नेत्रदानाचे अर्ज सर्वांनीच भरलेले आहेत, त्यामुळे भाचीने तोही प्रश्न विचारला. लेसर झालेले पारपटल संपूर्ण जाडीच्या रोपणासाठी सहसा वापरत नाहीत. पण त्याचा आतला थर निरोगी असेल, तर फक्त तो थर बसवण्याच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडू शकतो. कुटुंबीयांनी नेत्रपेढीला शस्त्रक्रियेची माहिती द्यावी, निर्णय ते घेतील. हे ऐकून तिला बरे वाटले.

गणपतीत ती घरी आली, तेव्हा वाळू गेलेली होती. थेंबांची कुपी पर्समध्ये आहेच, दिवसातून तीनदा. दिव्यांभोवतीची कडी पुसट झाली आहेत, गेलेली नाहीत. रात्री महामार्गावर ती स्वतः गाडी चालवीत नाही. पुन्हा करशील का, असे मी विचारले. थोडा विचार करून म्हणाली, “करीन. पण मुरुमांच्या गोळ्यांचे आधी सांगेन. आणि कोणाच्या रकान्यासाठी नाही करणार.” मग तिने कपाटातून जुना चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि रुग्णालयाच्या कागदांच्या त्याच पिशवीत घालून पिशवी माझ्या हाती दिली. ती आता आमच्या लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली आहे.