वसईच्या घंटा व त्यांवरील सन

शके १६६१ त, म्हणजे इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत असलेल्या या शहरांत सेंट जोसेफचें, तसेंच जेझुइट, डोमिनिकन व फ्रान्सिस्कन पंथांचीं मोठीं प्रार्थनामंदिरें होतीं. या प्रांतांतील प्रार्थनामंदिरांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या व देवळांपुढें टांगल्या गेल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तीस बहुधा एक वाक्य जोडलें जातें, तें असें कीं, अप्पांनीं अमुक घंटा अमुक देवास स्वतः वाहिली. या वाक्याची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम घंटेवरील सनाविषयीं. युरोपीय घंटेचें तोंड रुंद असून, लोळा जेथें आदळतो तेथें तिचा कांठ विशेष जाड असतो. धातु कांसें, त्यांत सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील. अक्षरें व चित्रें ओतण्यापूर्वींच सांच्यांत उमटविलेलीं असल्यामुळें तीं घंटेवर उठावाचीं दिसतात. मागाहून छिन्नीनें कोरलेलीं अक्षरें खोलगट असतात. अर्थात् उठावाचा सन हा घंटा ओतल्याचा सन होय. तो विजयाचा नव्हे, अर्पणाचा नव्हे, आणि देवळाच्या स्थापनेचा तर नव्हेच.

आतां उदाहरणें पाहूं. नाशकास पंचवटींत नारोशंकर राजेबहादुर यांनीं बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या दर्शनी भागीं टांगलेली घंटा प्रसिद्ध आहे. गोदावरीच्या पुराचें मानही लोक तिजवरून सांगतात. तिजवर युरोपीय अंकांत १७२१ हा सन आहे. म्हणजे वसई पडली तेव्हां ही घंटा अवघी अठरा वर्षांची होती. परंतु देऊळ झालें १७४७ त, आणि अप्पा तर डिसेंबर १७४० मध्येंच निवर्तले.

वाईजवळील मेणवलीची घंटा याहून बोलकी आहे. कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराजवळ असलेल्या या घंटेवर बाळ येशूसह मेरीची मूर्ति व १७०७ हा सन आहे. मेणवली ज्यांच्यामुळें नांवारूपास आली त्या नाना फडणिसांचा जन्म १७४२ चा. गांव त्यांस मिळाला १७६८ त. वाडा व घाट त्यानंतरचे. सबब अप्पांनीं ही घंटा नानांच्या घाटावर अर्पण केली हें कालदृष्ट्या अशक्य होय.

भीमाशंकरची गोष्ट वेगळी. तेथील घंटाही वसईकडचीच मानतात. परंतु तें क्षेत्र पुरातन असल्यामुळें अप्पांच्या अर्पणास कालाची आडकाठी येत नाहीं. तात्पर्य, परंपरा सरसकट टाकूं नये व सरसकट घेऊंही नये. प्रत्येक घंटेचा निवाडा वेगळा करावा.

वरील सनांवरून एक गोष्ट निघते. नाशिकची घंटा निदान आठ वर्षें व मेणवलीची निदान एकोणतीस वर्षें, वसई सुटल्यावर व आजच्या जागीं चढण्यापूर्वीं, कोठें तरी होती. मग ती सरकारी कोठींत असो, एखाद्या सरदाराच्या घरीं असो वा दुसऱ्या देवळांत असो. कांशाची तोफ ओतणें अवघड नव्हतें. तरीही या घंटा मुशींत न जातां राखल्या गेल्या. ख्रिस्ती धर्मांत घंटेस आशीर्वादपूर्वक संस्कार करतात. आपल्या पूजेंतही देवाच्या आधीं घंटेस गंधाक्षत वाहतात. जेत्यांनीं घंटेचा देव बदलला, पण तिचें देवकार्य मोडलें नाहीं.

घंटेचा मधला प्रवास ठरवावयाचा तो जमाखर्च, कोठीचे झाडे व देवस्थानचे हिशेब यांवरूनच. ज्यांचे संग्रहीं नाशिक, वाई अथवा जुन्नर प्रांतांतील मोडी दप्तरें असतील त्यांनीं १७३९ नंतरच्या कागदांत "घंटा" हा शब्द दिसतांच तो कागद बाजूस काढावा. वजन, वाहतूक वा टांगण्याची मजुरी यांची एक ओळही मोलाची आहे. दुसरें असें कीं, वारंवार घासण्यानें उठावाचीं अक्षरें झिजतात व रंगाच्या थरांनीं बुजतात. यास्तव देवस्थानच्या पंचांची अनुज्ञा घेऊन अशा प्रत्येक घंटेवरील लेखाचे कागदी ठसे वेळींच घ्यावे. ताम्रपट पेटींत सुरक्षित राहतो. घंटा उन्हापावसांत असते व रोज तिजवर आघात होतो, हें संग्राहकांनीं विसरूं नये.