लिस्बन, १९७४-७५ : सीमेपलीकडचे सोबती

● सत्तापालट : २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी पोर्तुगालमधील जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही उलथवली. पाचच दिवसांत कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल परदेशातून परतले.

● पाहुणे : फ्रान्स, इटली, पश्चिम जर्मनीतून जहाल डावे कार्यकर्ते येऊ लागले. १९७५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र येऊन गेले. शेतमजुरांनी ‘तोरे बेला’ या जमीनदारी मळ्याचा ताबा घेतला, तो जर्मन दिग्दर्शक थॉमस हार्लान यांनी चित्रित केला.

● शेजारी स्पेन : पोर्तुगालपासून स्फूर्ती घेऊन हुकूमशहा फ्रँकोच्या सैन्यातील काही अधिकाऱ्यांनी १९७४ मध्येच गुप्त लोकशाहीवादी संघटना उभारली. सप्टेंबर १९७५ मध्ये स्पेनने बास्क फुटीरतावादी ‘एटा’ संघटनेचे दोन आणि जहाल डाव्या ‘फ्राप’ संघटनेचे तीन सदस्य गोळ्या घालून मारले. त्या शिक्षेच्या निषेधात लिस्बनमधील स्पॅनिश वकिलातीची जाळपोळ झाली.

● ओहोटी : २५ नोव्हेंबर १९७५ रोजी डाव्या सैनिकांचा उठाव फसला. एप्रिल १९७६ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. स्पेनमध्ये मात्र कम्युनिस्ट पक्षावरील बंदी एप्रिल १९७७ मध्ये उठली.

● गोव्याशी धागा : क्रांतीनंतरच्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.