वर्गातला वल्ली : मात्सुयामा ते सेमाडोह

चाकोरीत न बसणारा मास्तर हे विनोदी वाङ्मयातले जुने आणि लाडके पात्र आहे. त्याची नेमणूक बहुधा नाइलाजाने झालेली असते. त्याच्या वाट्याला येतो तो इतरांनी नको म्हटलेला वर्ग. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून खुपतो आणि मुले त्याला पळवून लावायचे बेत आखत असतात. वाचक सुरुवातीला या मास्तरला हसतो. मास्तर मात्र शाळेतल्या पुष्कळ गोष्टी मनावर घेत नाही, आणि हळूहळू त्या गोष्टीच हास्यास्पद वाटू लागतात : गुणांची क्रमवारी, संस्थेची इभ्रत, वरून आलेले परिपत्रक. तो मनावर घेतो ते फक्त समोर बसलेले पोर. या पात्राला जपानी ॲनिमे मालिकांनी जगभर पोचवले. मराठीत ते ॲनिमेशनच्या पडद्यावर रुजले नसले तरी कागदावर फार आधीपासून आहे, आणि वऱ्हाडाने त्याची एक वेगळीच, कडू बाजू लिहून ठेवली आहे.

जपानमध्ये या पात्राचे मूळ १९०६ साली आलेल्या ‘बोत्चान’ या कादंबरीत सापडते. लेखक नात्सुमे सोसेकी. १८९५ साली ते शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा गावी इंग्रजी शिकवायला गेले होते. त्यांचा नायक तोक्योत वाढलेला, तापट, सरळ बोलणारा आणि गणिताचा मास्तर. लहान गावात मास्तरच्या प्रत्येक हालचालीवर पोरांचे लक्ष असते. दुकानात तो चार वाडगे तेंपुरा-शेवया खातो, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचे नाव ‘तेंपुरा मास्तर’ असे लिहिलेले असते. वसतिगृहात रात्रपाळीला गेल्यावर त्याच्या अंथरुणात टोळ सोडले जातात. तो पोरांना जाब विचारतो, तेव्हा ती टोळ कोणी सोडले ते सांगतच नाहीत; हा कीटक अमुक जातीचा आहे, तुम्ही म्हणता त्या जातीचा नव्हे, असा वाद घालत बसतात. ज्याने वर्ग घेतला आहे त्याला हा प्रसंग खरा वाटेल. पण सोसेकींचा खरा रोख मुलांवर नाही. लाल शर्ट घालून गोड बोलणारे उपमुख्याध्यापक आणि त्यांची हांजी हांजी करणारा चित्रकलेचा शिक्षक हे त्यांचे लक्ष्य आहे. शेवटी नायक त्या खुशमस्कऱ्याच्या तोंडावर अंडी फोडतो, राजीनामा देतो आणि तोक्योला परततो. म्हणजे या परंपरेचा आद्यपुरुष शाळेत टिकत नाही. तो प्रामाणिक आहे, पण मुलांपर्यंत पोचायला त्याला सवड मिळत नाही.

पुढच्या काळातल्या मालिकांनी नेमकी हीच उणीव भरून काढली. तोरू फुजिसावा यांची ‘ग्रेट टीचर ओनिझुका’ ही चित्रमालिका १९९७ ते २००२ या काळात साप्ताहिकातून आली आणि तिच्यावरची ४३ भागांची ॲनिमे मालिका १९९९-२००० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. एकिची ओनिझुका बावीस वर्षांचा, मोटरसायकलवाल्यांच्या टोळीतून आलेला तरुण. त्याच्याकडे सोपवलेल्या वर्गाने आधीच्या शिक्षकांना हैराण करून सोडलेले आहे. मालिकेतला सर्वांत बोलका प्रसंग एका सधन घरात घडतो. आई-वडील एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत आहे आणि ती भिंत आपल्या लहानपणी नव्हती असे मुलगी सांगते. ओनिझुका रात्री घण घेऊन येतो आणि भिंत फोडतो. कोणत्याही शिक्षक-प्रशिक्षणात न बसणारा हा उपाय आहे, आणि त्याच रात्री त्या मुलीच्या मनात मास्तरबद्दल विश्वास बसतो. मालिकेतला बायकांविषयीचा आचरटपणा आज खटकतो आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही जपानी शाळांमधली दादागिरी, एकटेपणा आणि परीक्षेचे दडपण या गोष्टी तिने हसत-खेळत चव्हाट्यावर आणल्या, हे श्रेय तिचे आहे.

या प्रकारातली सर्वांत विलक्षण कल्पना युसेई मात्सुई यांच्या ‘असॅसिनेशन क्लासरूम’ची. मूळ चित्रमालिका २०१२ ते २०१६ या काळात आली. तिचे ॲनिमे रूप २०१५ आणि २०१६ मध्ये दोन हंगामांत प्रसिद्ध झाले. येथे मास्तर माणूसच नाही. पिवळा, गोल डोक्याचा, अष्टपदासारखा हा प्राणी आवाजाच्या वीसपट वेगाने धावतो. चंद्राचा बराचसा भाग उडाला आहे, पुढच्या मार्चमध्ये पृथ्वीही संपणार आहे, आणि तोवर या प्राण्याला एका माध्यमिक शाळेच्या तिसरी-ई या वर्गाला शिकवायचे आहे. सरकार मुलांना सांगते की वर्ष संपायच्या आत मास्तरला मारा, दहा अब्ज येन मिळतील. मुले सकाळी हजेरीच्या वेळीच त्याच्यावर बंदुका रोखतात. तो गोळ्या चुकवत नावे पुकारतो आणि कोण गैरहजर आहे तेही टिपून घेतो.

हा वर्ग कुठे भरतो, हे महत्त्वाचे आहे. मुख्य शाळा खाली, सोयीसुविधांनी भरलेली. तिसरी-ई मात्र डोंगरावरच्या जुन्या लाकडी इमारतीत. कमी गुणांची मुले तिथे पाठवायची आणि त्यांच्या नामुष्कीच्या धाकाने बाकीच्यांनी अभ्यास करायचा, ही मुख्याध्यापकांची शिस्तबद्ध योजना आहे. महिन्याच्या सभेला या मुलांनी डोंगर उतरून इतरांच्या आधी हजर व्हायचे आणि टोमणे ऐकायचे. अशा वर्गात हा मास्तर, कोरो-सेन्सेई, काय करतो? परीक्षा जवळ आली की तो वेगाने इकडून तिकडे सरकत स्वतःच्या अनेक प्रतिमा उभ्या करतो. प्रत्येक मुलासमोर एक मास्तर, आणि त्या मास्तरच्या कपाळावरच्या पट्टीवर त्या मुलाचा कच्चा विषय. चित्र गमतीचे आहे, पण त्यातली मागणी गंभीर आहे : वर्गातल्या प्रत्येकाला त्याचा स्वतःचा मास्तर हवा. मात्सुईंनी ही मागणी पुरी करायला राक्षसी वेगाचा प्राणी योजला, यातच साध्या शिक्षकाच्या अडचणीची कबुली आहे. शेवटच्या रात्री मुले त्याला घेरतात तेव्हा तो पुन्हा हजेरी घेतो. एकेक नाव, एकेक ‘हजर’. पहिल्या भागात हसवणारी ती हजेरी येथे डोळ्यांत पाणी आणते.

मराठी वाचकाला जपानी शाळेची ओळख याआधी ‘तोत्तोचान’मुळे झालेली आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक १९८१ चे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आणि तो शिक्षकांच्या हातात फार फिरला. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी हे खरेखुरे गृहस्थ होते. मुलीची पर्स शौचकुपात पडते, ती लांब दांड्याचे भांडे घेऊन सगळा मैला बाहेर उपसत बसते. तिथून जाणारे मुख्याध्यापक इतकेच विचारतात, की काम झाल्यावर हे सगळे परत आत टाकशील ना? रागावणे नाही, मदतीचा आवही नाही. २०२३ मध्ये या पुस्तकावर जपानमध्ये ॲनिमे चित्रपट निघाला. कोरो-सेन्सेईच्या शेजारी कोबायाशींना बसवले तर लक्षात येते की कल्पनेतला मास्तर जे महाप्रयासाने करतो ते खऱ्या मास्तरने एका प्रश्नात साधले होते.

मराठी विनोदाची शाळेशी जवळीक फार. त्याचे एक कारण म्हणजे विनोदकारांपैकी कितीतरी जण स्वतः शिकवणारे होते. ‘झेंडूची फुले’ लिहिणारे आचार्य अत्रे पुण्याच्या कँप भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या नवयुग वाचनमालेने क्रमिक पुस्तकाला ताजेपणा दिला. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, द. मा. मिरासदार पुण्यात मराठी शिकवत आणि पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या महाविद्यालयात होते. १९६२ साली आलेल्या पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तले चितळे मास्तर हे मराठीतले या जातीचे सर्वांत परिपूर्ण पात्र. ओनिझुकासारखे ते नियम मोडत नाहीत. धोतर-कोटातले हे गृहस्थ वरून पाहता अगदी चाकोरीतले. त्यांचा वेगळेपणा एवढाच, की शिकवणे कधी संपते हे त्यांना कळत नाही. शाळा सुटली तरी शिकवणे चालू, आणि घरी जादा शिकवण्याचे पैसे घ्यायचे असतात हे त्यांच्या गावीही नसते. पुलंनी शेवटी नजर खिळवली ती मास्तरांच्या टाचा झिजलेल्या चपलांवर. तिथे हसणारा वाचक थांबतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) विनोद मंद आहे, पण मास्तर नक्कीच वेगळा आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर पोचलेल्या कोवळ्या मास्तरला आधी शाळाच सापडत नाही, कारण मुले मेंढरांमागे गेलेली असतात. कारभाऱ्याला धरून पोरे गोळा करण्यापासून त्याला सुरुवात करावी लागते. पुढे तो वाडीची पत्रे लिहितो, भांडणांत पडतो आणि लोकांच्या श्रमातून तालीम उभी करतो. हजेरी लावायची तर आधी मुलाच्या घरचे जगणे समजून घ्यावे लागते, हे या कादंबरीइतके स्वच्छ क्वचितच कुठे आले असेल.

वऱ्हाडाचे या परंपरेतले योगदान म्हणजे रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५). बुलढाणा परिसरातली संपूर्ण साक्षरता मोहीम हा तिचा विषय; २००९ साली पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिच्यावर चित्रपट केला. येथे एकटा वल्ली मास्तर नाही. अख्खी शाळाच एका वेड्या व्यवहारात सापडली आहे. दिवसभर पोरांना शिकवून गुरुजींनी रात्री प्रौढांचे वर्ग चालवायचे, पण शेतातून थकून आलेला माणूस वर्गाला येत नाही. मग वर्ग कागदावर भरतात, हजेऱ्या कागदावर लागतात, अहवाल वर जातात आणि वरून शाबासकी खाली येते. कोणीही दुष्ट नाही, तरीही सगळे खोटे. ही कादंबरी वाचताना हसू आवरत नाही आणि त्याच वेळी हे गुरुजी चितळे मास्तर व्हायला निघाले होते, त्यांना कारकून कोणी केले, हा प्रश्न छळतो. कोरो-सेन्सेईच्या हजेरीत प्रत्येक नावामागे एक मूल आहे. या हजेरीत नुसती नावे आहेत. शिक्षकी पेशावरचे इतके बोचरे आणि तरीही माणुसकीने भरलेले लेखन मराठीत दुसरे नाही, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले. माहिती भरण्याचे काम मात्र कागदावरून मोबाइलवर गेले.

याच वऱ्हाडाच्या उत्तर टोकाला, परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीकाठी सेमाडोह आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातले हे गाव पर्यटकांना संकुल आणि निसर्ग निर्वचन केंद्रामुळे माहीत असते. शाळेच्या दृष्टीने त्याची ओळख निराळी आहे. हा कोरकू मुलूख. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. सपाटीवरून, अचलपूर-दर्यापूरकडून आलेले गुरुजी वऱ्हाडी बोलतात, पुस्तकात प्रमाण मराठी असते आणि पहिलीतल्या पोराच्या कानावर घरी यांतले काहीच पडलेले नसते. पुस्तकातल्या वाघाच्या चित्रावर गुरुजी बोट ठेवतात, पोर ‘कुला’ म्हणते. उत्तर बरोबर असते. गुरुजींना ते बरोबर असल्याचे कळत नाही. विनोदी कथेत मुले मास्तरची परीक्षा घेतात, तसेच येथे रोज घडते, कोणाच्याही खोडीशिवाय. चाकोरीबाहेरचा मास्तर होण्यासाठी मेळघाटात घण लागत नाही की वेग लागत नाही. शंभर-दोनशे कोरकू शब्द शिकून ते वर्गात बिनदिक्कत चुकीचे बोलण्याची तयारी लागते. मास्तर चुकला की वर्ग खदखदून हसतो आणि आजवर गप्प बसलेले पोर त्याला दुरुस्त करायला तोंड उघडते. शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिक्षण, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही आहे.

हजेरीचा प्रश्न येथे बनगरवाडीसारखाच उभा राहतो. दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात. पोरेही बरोबर जातात आणि होळीच्या सुमारास, फगव्याला, परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मधल्या महिन्यांत हजेरीपटावर ओळीने गैरहजेरी पडते. ती तशीच लिहायची की निशाणीसारखी भरून काढायची, हा निर्णय एका शिक्षकाच्या हातात असतो, आणि परतलेल्या मुलाला सुटलेला अभ्यास वेगळा बसवून शिकवणारा शिक्षकच पुढच्या वर्षी ते मूल टिकवून ठेवतो.

अशा शिक्षकाला वेळ किती मिळतो? जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांविषयी २०१७ साली आलेल्या शासन निर्णयात दुर्गम शाळांसाठी ‘अवघड क्षेत्र’ ठरवले गेले आणि तिथे तीन वर्षे सेवा झालेल्याला बदली मागण्याचा हक्क मिळाला. रस्ते, दवाखाना, स्वतःच्या मुलांचे शिक्षण या अडचणी पाहता तो हक्क न्याय्यच आहे. पण कोरकू जिभेवर बसायला, कोणत्या पाड्यावरचे कुटुंब केव्हा उतरते हे कळायला आणि पालकांनी गुरुजींना आपले मानायला साधारण तेवढाच काळ जातो. गुरुजी अमरावतीकडे निघतात, आणि जूनमध्ये नवे गुरुजी वाघाच्या चित्रावर बोट ठेवून पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करतात. त्यांच्या हाती जुन्या गुरुजींचा हजेरीपट येतो. जुन्या गुरुजींनी गोळा केलेल्या शब्दांची वही हस्तांतरणाच्या यादीत नसते.